वरच्या कप्प्यातलं प्रथिन

प्रा. दिगंबर काटगावकर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढत, हात कोपरापर्यंत धूत आणि खांद्यानं दार ढकलून आत जात. तुळजापुरात चपला काढून आत जाण्याच्या जागा पुष्कळ आहेत. त्यामुळे कॉलेजात नव्यानं लागलेल्या शिपायाला वाटलं, आत देव बसवला आहे. त्यानं दारातूनच हात जोडले. सर म्हणाले, "देव न्हाय रे आत, जावई हाय. देव उपाशी राहतो. जावई राहत न्हाय."

जावई म्हणजे पेशी. उस्मानाबादी शेळीच्या कातडीतून काढलेल्या, चपट्या बाटलीत गुलाबी द्रवात वाढणाऱ्या. ऊब लागते, जेवण वेळेवर लागतं, शिळं चालत नाही आणि रुसला तर कारण सांगत नाही, असं सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. मुलं दरवर्षी हसत. सर स्वतः हसत नसत.

त्या काळात मी एका दैनिकाचा तुळजापूरचा वार्ताहर होतो आणि सरांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "पत्रकार, आज काय विकलं?" असं जिन्यातून विचारत. बातमीत एखादा आकडा चुकला की सकाळी चहाच्या आधी तो आकडा जिन्यात माझी वाट बघत असे. धरणातल्या पाण्याच्या टक्केवारीत दशांश चिन्ह चुकलं तेव्हा ते म्हणाले होते, "एका टिंबात तुम्ही अर्धा तालुका बुडवला."

वर्गातही तसंच. एकदा एका मुलानं पेशींच्या वाढीचा आलेख आणून दाखवला. सगळे बिंदू एका रेषेत बसलेले. सरांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ही रेघ इतकी सरळ कशी?"

"आली सर तशी."

"निसर्गाला पट्टी कुणी दिली?"

मुलानं कबूल केलं. प्रयोग बिघडला होता, त्यानं मधले आकडे अंदाजानं भरले होते. सर रागावले नाहीत. त्यांनी त्याला फळ्यावर मोठं शून्य काढायला लावलं आणि म्हणाले, "आलं न्हाय, तर आलं न्हाय म्हणायचं. न आलेलं उत्तर पण उत्तरच असतं." ते शून्य आठवडाभर कुणी पुसलं नाही. सरांवर माझा विश्वास बसला तो याच गोष्टीवर. नंतर जे झालं ते सांगताना ही गोष्ट गाळता येत नाही.

पेशींना नुसतं अन्न पुरत नाही. 'आता वाढ, एकाची दोन हो' असा निरोप त्यांना लागतो आणि तो काही प्रथिनं पोहोचवतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. प्रयोगशाळांसाठी हे प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतात. त्याचं जनुक जिवाणूत घालायचं, जिवाणू वाढवायचे, त्यांनी केलेलं प्रथिन वेगळं काढून, शुद्ध करून सुकवायचं. बाजारात ते बोटाच्या पेराएवढ्या कुपीत मिळतं. कुपी उजेडात धरली तरी आत काही आहे असं वाटत नाही. पुण्याहून ती बर्फात येते आणि लहान कॉलेजला परवडत नाही. सरांनी ठरवलं की हे प्रथिन तुळजापुरात करायचं. जनुक हैदराबादच्या एका जुन्या मित्राकडून आणलं आणि केलं. हे आधी नोंदवायला हवं: पहिलं प्रथिन खरं होतं.

त्याची बातमी मी दिली. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी सरांच्या गळ्यात हार घातला आणि महिन्याभरात कॉलेजच्या फाटकावर बोर्ड लागला: स्वनिर्मित ग्रोथ फॅक्टर बनवणारं ग्रामीण भागातलं महाविद्यालय. सरांना बोर्डावरचं शुद्धलेखन आवडलं नव्हतं. बोर्ड आवडला होता.

शुभांगी घोडके त्याच वर्षी त्यांच्याकडे पीएचडीला आली. तामलवाडीची. एमएस्सीला कॉलेजात पहिली आलेली, कमी बोलणारी, बोलली तर पूर्ण वाक्य बोलणारी. तिचा विषय सरळ होता. कॉलेजात बनवलेलं प्रथिन बाजारातल्या प्रथिनाइतकंच काम करतं का? करत असेल तर लातूर, बीड, सोलापूरच्या लहान कॉलेजांना ते देता येईल. तिला पदवी मिळाली की विभागातली तासिका तत्त्वावरची जागा तिला द्यायची, असं अध्यक्षांनी सरांसमोर कबूल केलं होतं. घरात तिच्या लग्नाचं बोलणं त्या जागेपर्यंत थांबवलेलं होतं.

पेशी घरच्याच शेळीच्या घेतल्या. जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन सर तामलवाडीला गेले, मीही होतो. डॉक्टरांनी शेळीच्या कानाचा तांदळाएवढा तुकडा काढला. शुभांगीचे वडील, नामदेवराव, शेळीचं तोंड धरून बसले होते.

"एवढंसंच?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यात कोट्यवधी होतील," सर म्हणाले.

"शेळ्या?"

"पेशी, नामदेवराव."

"मग आमाला काय उपयोग." मग ते शेळीला म्हणाले, "जा बाई. तुझा कान चालला कॉलेजला. आमच्या घरातलं दुसरं शिकाया लागलं."

शुभांगी हसली. तिला हसताना मी पाहिलं ते तेव्हाच.

सरांच्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. प्रथिनाचा साठा डीप फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात असे आणि त्या कप्प्याला फक्त सर हात लावत. प्रथिन एकदा वितळवून परत गोठवलं की मरतं, म्हणून ते स्वतः त्याचे लहान लहान वाटे करून नळ्यांत भरत. सोमवारी सकाळी, आंघोळ करून आल्यावर, एकेक नळी एकेका विद्यार्थ्याला देत. मुलं उजवा हात पुढं करत आणि त्याखाली डावा धरत. हे कुणी शिकवलं नव्हतं, नळी बारीक आणि गार असल्यानं तसं होत गेलं असावं. मुलांनी त्याला नाव ठेवलं होतं, तीर्थ. "तीर्थ मिळालं का?" "सर परांड्याला गेलेत, आज तीर्थ न्हाय." सरांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते थांबवलं नाही. तीर्थ घेताना त्यात काय आहे हे कुणी विचारत नाही.

शुद्धता तपासण्याचं कामही त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. प्रथिनाचा थेंब जेलीसारख्या पातळ वडीत सोडून त्यातून वीज सोडली की लहान प्रथिन खाली पळतं, मोठं वर अडकतं आणि रंग दिला की पट्ट्या दिसतात. त्याला जेल चालवणं म्हणतात. "जेल मी चालवतो, तुम्ही पेशी सांभाळा," असं सर म्हणत. मुलांना वाटे, सर आपलं काम हलकं करतात.

कोजागरीच्या वेळी सोलापूरहून चालत येणाऱ्या भाविकांमुळे तुळजापूरचा रस्ता वाहनांना बंद असतो. शुभांगीच्या कामाच्या दुसऱ्या वर्षी नेमकं त्याच दिवसांत सरांचं पार्सल सोलापुरात अडकलं. कुणीतरी ते तामलवाडीपर्यंत आणून नामदेवरावांकडे ठेवलं. सर मला म्हणाले, "पत्रकार, तुम्हाला यात्रेची बातमी पाहिजे, मला डबा पाहिजे. गाडी काढा."

आडरस्त्यानं आम्ही तामलवाडी गाठली. नामदेवराव थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. "सर, मांडी बधिर झाली. काय हाय यात, कुल्फी?"

"सीरम," सर म्हणाले. "पेशींचं खाणं."

येताना तुळजापूरच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. तिथून पुढं चालत. सरांनी डबा खांद्यावर घेतला आणि आम्ही गर्दीत मिसळलो. थोड्या वेळात एका म्हातारीनं डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग दुसरीनं. मग एका बापानं पोराला उचलून डब्यापर्यंत नेलं. मी सांगायला लागलो की हे तसलं काही नाही, तर सरांनी मला थांबवलं.

"आजी, पाया पडा," ते म्हणाले, "पण हात लावू नका. ऊन हात लागला की आतलं जातं."

"कुठं जातं ओ?"

"जातं म्हणजे जातं. परत येत न्हाय."

म्हातारीनं डब्यापासून हातभर अंतर राखून नमस्कार केला आणि मागच्यांनाही सांगत गेली, "लांबून, लांबून. ऊन लागू देऊ नका." महाद्वारापर्यंत लोक आम्हाला वाट देत होते. मी ते हलक्याफुलक्या सदरात लिहिलं. वाचकांना आवडलं. डब्यात सीरम नव्हतं, हे कळायला आणखी दीड वर्ष जावं लागलं.

शुभांगीचं काम चांगलं झालं. कॉलेजच्या प्रथिनावर वाढलेल्या पेशी आणि बाजारातल्या प्रथिनावर वाढलेल्या पेशी यांच्या रेघा कागदावर एकमेकींवर बसल्या. इतक्या की एक रेघ दुसरीखाली दिसेना. तिनं आलेख सरांपुढं ठेवला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही. "छान," म्हणाले. एका नियतकालिकात दोघांच्या नावानं लेख आला. प्रबंध लिहून होत आला. अध्यक्ष फाटकावरचा बोर्ड मोठा करण्याच्या विचारात होते.

प्रबंधात जेलचं छायाचित्र हवं होतं. सरांनी पहिल्या वर्षीचंच दिलं होतं. ते थोडं धूसर होतं. शुभांगीला धूसर काही चालत नसे. सर पुतणीच्या लग्नाला परांड्याला गेले होते. तिच्याकडे त्या सोमवारच्या नळीतले दोन-तीन थेंब उरले होते. त्यातला एक तिनं जेलवर सोडला. सरांचं काम वाचावं, एवढाच हेतू.

रंग चढल्यावर वडी तिनं उजेडावर धरली. कॉलेजचं प्रथिन लहान आहे, त्याची पट्टी खाली यायला हवी होती. खाली जवळजवळ काही नव्हतं. वर, जिथं काहीच नसायला हवं, तिथं अंगठ्याएवढी जाड पट्टी होती.

ती पट्टी अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तात असणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाची होती. विकत मिळणारं प्रथिन इतकं कमी असतं की ते कुपीच्या भिंतीलाच चिकटून संपतं. तसं होऊ नये म्हणून बनवणारे त्यात भरपूर अल्ब्युमिन मिसळतात. कॉलेजात कुणी ते मिसळत नव्हतं. शुभांगीनं शेजारच्या खान्यात बाजारातल्या प्रथिनाचा थेंब सोडून परत जेल चालवलं. दोन्ही खाने सारखे आले. जुळी भावंडं असावीत तसे.

पुढचं संभाषण मला शुभांगीनं सांगितलं. सरांना मी ते नंतर ऐकवलं तेव्हा त्यांनी त्यातला एकही शब्द नाकारला नाही.

तिनं छायाचित्र टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कधीपासून, सर?"

"पहिल्या दिवाळीपासून."

दिवाळीच्या सुट्टीला कुलूप लावताना शिपायानं सुरक्षा म्हणून सगळ्या इमारतीचं मेन स्विच पाडलं होतं. फ्रीझरच्या बटनावर सरांनी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. शिपायानं ते बटन बंद केलं नव्हतं. सुट्टीनंतर सर एकटेच आधी आले. वरचा कप्पा कोमट होता. प्रथिन गेलं होतं आणि जनुक घातलेले जिवाणूही. सरांनी पाणी पुसलं, फ्रीझर सुरू केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर दर वेळी स्वतःच्या पगारातून कुप्या मागवल्या, सोमवारी सकाळी आंघोळ करून त्यांचे वाटे केले आणि वर कॉलेजचं नाव लिहिलं.

"हैदराबादला परत जनुक मागितलं असतं तर मिळालं असतं का?"

"मिळालं असतं."

"मग?"

"बोर्ड लागला होता, शुभांगी. पेपरात आलं होतं. पहिल्याच वर्षी फ्रीझर बंद पडून सगळं मेलं, हे कुणाकुणाला सांगत फिरू? म्हटलं, सुट्टीत नवं करून ठेवीन, तुला कळायचं पण न्हाय. मग तुझ्या पेशी चांगल्या चालल्या होत्या." छायाचित्र बाजूला सारत ते म्हणाले, "वाढल्या ना पेशी?"

"वाढल्या."

"मग."

"सर, पेशी वाढतात का हा माझा प्रश्नच नव्हता. आपलं बाजारातल्यासारखं चालतं का, हा होता. मी इतकी वर्षं बाजारातलं बाजारातल्याशी ताडून बघत बसले."

सर मऊ आवाजात म्हणाले, "दे प्रबंध. परीक्षक काय तुळजापूरला येऊन जेल चालवणार हायत?"

शुभांगी म्हणते की तोपर्यंत तिला राग आला नव्हता. कीव आली होती. या वाक्यानंतर ती उठली.

तिनं प्रबंध दिला नाही. लेख मागे घेण्यासाठी दोघांच्या सह्या लागत होत्या. सर सही करेनात, म्हणून तिनं एकटीनं नियतकालिकाला कळवलं. ती जागा दुसऱ्याला मिळाली. नामदेवरावांना यातलं इतकंच समजलं की सरांनी पैसे खाल्ले नाहीत, उलट घातले. ते मला म्हणाले, "खाल्लं असतं तर भांडायला आलं असतं ओ. ह्यानं पदरचं घालून पोरीला बुडवली. आता ह्याला कुठल्या तोंडानं शिव्या द्याव्या?"

मी खुलासा छापला. सहा ओळींचा, आतल्या पानावर. त्या दिवशी जिन्यात कुणी आकडा घेऊन उभं नव्हतं. दोन महिन्यांनी मी खोली बदलली. कॉलेजनं चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर बोर्ड उतरवावा लागला असता. सर यथावकाश निवृत्त झाले, निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली.

शुभांगीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यापीठात नव्या मार्गदर्शक बाईंकडे पहिल्यापासून सुरुवात केली. विषय तोच ठेवला. हैदराबादला तिनं स्वतः फोन केला. जनुक आठवड्यात आलं. प्रथिन बनवायला, बिघडवायला, परत बनवायला तिला चार वर्षं लागली. मधल्या काळात लग्न ठरून मोडलं, त्याबद्दल ती बोलत नाही. तिचं प्रथिन बाजारातल्यापेक्षा थोडं कमी पडतं. तसंच तिनं लिहिलं.

तिच्या खुल्या मौखिक परीक्षेला मी गेलो. सभागृहात विद्यार्थी, दोन-चार प्राध्यापक, पुढच्या रांगेत टोपी मांडीवर घेतलेले नामदेवराव. मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर काटगावकर सर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सूचना विद्यापीठाच्या फलकावर असते, परीक्षा सर्वांना खुली असते.

शुभांगी चांगली बोलली. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद चाळत विचारलं, "याच विषयावर तुमचा आधीचा एक लेख आहे. तो मागे घेतलेला दिसतो. कारण?"

"त्यात वापरलेलं प्रथिन आमचं नव्हतं."

"हे कसं झालं?"

शुभांगीनं सभागृहाकडे पाहिलं. मागच्या रांगेपर्यंत पाहिलं की नाही, हे माझ्या जागेवरून सांगता येणार नाही.

"मी तपासलं नाही," ती म्हणाली. "तपासायला हवं होतं. जबाबदारी माझी होती."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. मग परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी प्रथेप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे? काही सांगायचं आहे?" मी मागे वळून पाहिलं. सर सरळ बसले होते. अध्यक्षांनी परत विचारलं, "कुणी?" नामदेवरावही मागे वळले. सरांनी खिशातली दोन पेनं नीट एका उंचीवर केली.

पदवी जाहीर झाली. टाळ्यांत सरांच्याही टाळ्या होत्या. चहाला ते थांबले नाहीत.

मी त्यांना बसस्टँडवर गाठलं. तुळजापूरची गाडी लागलेली होती. मला पाहून त्यांना आनंद झाला. तो खोटा नव्हता.

"पत्रकार. बघितलं का? काय स्वच्छ बोलली. आलं न्हाय ते आलं न्हाय म्हणाली. कमी पडतं तर कमी पडतं म्हणाली."

"हो."

"हे पुस्तकात नसतं. हे कुणीतरी शिकवावं लागतं."

कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. "सर, या, पुढची खिडकी ठेवलीय तुमच्यासाठी." सर पायरीवर चढले आणि दांडा धरून वळले.

"बातमी देणार ना?"

"देणार."

"मग द्या. सुरुवात आपल्याकडं झाली होती, तेवढी एक ओळ टाका. जास्त न्हाय."

मी काय उत्तर देतो यासाठी ते थांबले नाहीत. खिडकीपाशी जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगू लागले. काच बंद होती. ते हातानं विद्यापीठाची दिशा दाखवत होते, मग तोच हात त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला. शेजारच्या माणसानं आदरानं मान हलवली. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत सर बोलतच होते.